लॅकीचा सातवा डबा

२ मार्च, शनिवार

आज लॅकीचा लॅपटॉप उघडला. साडेसात महिने तो त्याच्या टेबलावर पडून होता आणि मी दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसून पुन्हा तसाच ठेवत होते. पासवर्ड लावण्याइतकं शहाणपण माझ्या मुलाकडे कधीच नव्हतं, त्यामुळे लगेच सुरू झाला. समोर त्याचं ते जिओकॅशिंगचं पान.

हा खेळ मला ऐकून माहीत होता. रानात, पुलाखाली, कुठेही एक डबा लपवायचा, जागेचे आकडे वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी फोन घेऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवून यायचं. बक्षीस नाही, काही नाही. सत्तावीस वर्षांचा घोडा रविवारी चिखलाने माखून घरी यायचा तेव्हा मी म्हणायचे, प्लास्टिकचे डबेच शोधायचे असतील तर माझ्या स्वयंपाकघरात शोध, निम्म्यांची झाकणं सापडत नाहीत. तो म्हणायचा, "आई, एकदा चल तर खरं." बावीस वर्षं शाळेची बस चालवून माझ्या गुडघ्यांची वाट लागली होती, ते कारण मी पुढे करायचे. एकदाही गेले नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

इथल्या गुबगुबीत रानप्राण्यावरून घेतलेल्या 'ओला वॉम्बॅट' या टोपणनावाने त्याने सात डबे लपवलेत. सातवा ८ जुलैचा, गनर्स टेकडीवर. १९ जुलैच्या पहाटे, आमच्याकडे तेव्हा ऐन हिवाळा, सॅमन माशांच्या फार्मवर कामाला जाताना रस्त्यावरच्या बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि तो गेला. म्हणजे डबा त्याच्या अकरा दिवस आधीचा.

८ जुलैला तर बापलेक बोटीच्या इंजिनाचा पार्ट आणायला होबार्टला गेले होते. मला पक्कं आठवतं, कारण दिवसभर बाहेर राहून हात हलवत परत आले होते. मग हा टेकडीवर गेला कधी, कोण जाणे.

३ मार्च, रविवार

खेळात नाव नोंदवलं. टोपणनाव 'बसवाली'. सातही डबे शोधायचे ठरवलं आहे. क्लेमला सांगितलं. चौतीस वर्षांचा संसार, पण माझा नवरा अजून "हं" च्या पुढे गेलेला नाही. आजही "हं" म्हणाला आणि शेडमध्ये बोटीकडे गेला. ती बोट या जन्मात पाण्यात उतरेल असं वाटत नाही.

१० मार्च, रविवार

पहिला डबा सापडला. जुन्या सफरचंदांच्या शेडमागे, कुंपणाच्या खांबाखाली. मिनिटभर गुडघे दुखायचे थांबले होते.

आत छोटी वही. पहिल्या पानावर लॅकीचं ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर: 'इथवर आलात म्हणजे आज तुम्हाला दुसरं काही काम नव्हतं. मलाही नव्हतं.' त्याच्याखाली लोकांची नावं. मी डबा छातीशी धरला आणि सरळ घरी घेऊन आले.

संध्याकाळी लायब्ररीतली मर्ना आली. ती आठ वर्षं हा खेळ खेळते. टेबलावर डबा बघून ती चहाचा कप हातात धरून तशीच राहिली. म्हणाली, "अगं रॉझ, डबा घरी नाही आणायचा. तो आता सगळ्यांचा आहे. पानाचा फोटो काढ हवा तर." मी म्हटलं, माझ्या मुलाचा आहे. तर म्हणाली, "मुलाचाच आहे. त्यानेच सगळ्यांना दिलाय."

अंधार पडायच्या आत जाऊन ठेवून आले. रडले ते गाडीत बसून, तिच्यासमोर नाही.

३० मार्च, शनिवार

सहा झाले. प्रत्येकात पहिल्या पानावर त्याचं काही ना काही आहे. तिसऱ्यात: 'जाताना जळवा मोजून घ्या. मी अकरा नेल्या.' चौथ्यात: 'डावीकडच्या दगडावर बसू नका, तिथे चावऱ्या मुंग्यांचं कुटुंब राहतं, त्यांचा निरोप घेतल्याशिवाय जाता येत नाही.' मी बसले होते. निरोप घेऊन आले.

सहाव्यात मात्र विनोद नव्हता. 'इथून नदी दोन्हीकडे दिसते. मी उदास असलो की इथे येतो.' उदास कधी होता तो? माझ्यासमोर तर कधी दिसला नाही. त्या दगडावर तासभर बसले आणि कुठल्या कुठल्या संध्याकाळी तो उशिरा घरी आला होता ते आठवत राहिले.

जेवताना हे सगळं क्लेमला वाचून दाखवलं. सहावं वाचायच्या आधीच ताट अर्धं टाकून उठला. शेडमध्ये दिवा लागला. पोटचा मुलगा गेला आणि या माणसाला त्याचे चार शब्द ऐकायला सवड नाही. आता उरला सातवा. तो ऐकायचा असेल तर त्याने स्वतःहून विचारावं.

६ एप्रिल, शनिवार

गनर्स टेकडी. फोनने नेलं तिथे नेच्यांनी भरलेली घळ, काळोखी, ओली. दोन तास हात घालून घालून बघितलं. काही नाही.

घरी येऊन पान नीट वाचलं. माझ्याआधी तिघांनी शोधून 'सापडला नाही' असं लिहिलंय. म्हणजे तो डबा अजून कुणालाच सापडलेला नाही. त्याने पहिल्या पानावर काय लिहिलंय ते एकाही माणसाने वाचलेलं नाही. त्याने लिहिलेलं शेवटचं काहीतरी त्या टेकडीवर, न वाचलेलं, आणि ते वाचणारी पहिली मी असणार.

क्लेम टोस्टला लोणी लावत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या घळीत फोन चुकतो. दाखवेल त्याच्यापेक्षा वर बघायला हवं. वीसेक पावलं."

मी म्हटलं, तुला काय माहीत? जन्मात एक डबा शोधला नाहीस. तर टोस्टच्या कडेकडेपर्यंत लोणी लावत बसला. फोन नवा आहे, चांगला साडेसहाशे डॉलरचा, तो कशाला चुकेल?

१४ एप्रिल, रविवार

पुन्हा गेले. फोनच्या खुणेभोवतीचा एकेक दगड उलटा केला. परतताना नेच्यात पाय गेला आणि गुडघ्यावर आपटले. उतरायला दोन तास लागले. क्लेम पायथ्याशी गाडीत बसून होता. म्हणे इकडून चाललो होतो. इकडून कुठे जाता येतं ते मला माहीत नाही, पुढे रस्ता संपतो.

गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणतात, दोन महिने चढ बंद.

१७ एप्रिल, बुधवार

वेबसाइटवर पानांवर देखरेख ठेवणारे स्वयंसेवक असतात, त्यांच्यापैकी एकाची सूचना आली आहे. बरेच जण शोधून रिकाम्या हाताने परतले. मालकाने तीस दिवसांत जाऊन डबा जागेवर असल्याची खात्री करून कळवावं, नाहीतर पान बंद केलं जाईल.

मालकाने. बरं. मालक कुरणामागच्या चर्चशेजारी मातीत आहे, कळवा त्याला.

पान बंद झालं तर नकाशावरून खूण जाते. मग कुणी त्या टेकडीवर शोधायला जाणार नाही. मला दोन महिने चढता येणार नाही, पुढे हिवाळा, घळ सगळी चिखल होईल. म्हणजे सप्टेंबर. तोवर ते पान कसंही करून उघडं ठेवलं पाहिजे.

२० एप्रिल, शनिवार

केलं एकदाचं. चारही बाजूंना खटके असलेला चांगला डबा घेतला, हिरवा रंगवला, आत नवी वही आणि पेन्सिल. गोळ्या खाऊन, गुडघा बांधून, दोन काठ्यांच्या आधाराने वर गेले. फोनची खूण होती तिथेच, सहज दिसेल असा दगडाआड ठेवला. वहीचं पहिलं पान कोरं सोडलं. तिथे लिहायला हात उचलेना.

मग लॅकीच्या लॅपटॉपवरून, लॅकीच्या नावाने लिहिलं: 'जाऊन पाहिलं. नवा डबा ठेवला आहे. सगळं ठीक.' तासाभरात सूचना मागे घेतली गेली. इतकं सोपं होतं. सप्टेंबरात निवांत जाऊन त्याचा मूळचा शोधीन, माझा काढून आणीन.

मर्नाला सांगितलं नाही. ती काय म्हणेल ते माहीत आहे, आणि आठ वर्षं खेळली म्हणून तिला सगळंच कळतं असं नाही.

२८ एप्रिल, रविवार

आठ दिवसांत पाच जणांना सापडला. एकाने लिहिलंय, 'सुंदर जागा, मस्त डबा, ओल्या वॉम्बॅटा, तुझे आभार.' एका मुलीने विचारलंय, 'तुझे डबे आम्हाला फार आवडतात, पुढचा कधी?' इतक्या महिन्यांत माझ्या मुलाला पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारत होतं. मी उत्तर दिलं: 'बघू. सध्या कामात आहे.' दिवसभर मन हलकं होतं. स्कॅलप शिंपल्यांच्या पेस्ट्री भाजल्या, क्लेमने दोन खाल्ल्या.

५ मे, रविवार

क्लेमने बघितलं. मी लॅकीच्या टेबलाशी बसून कुणालातरी उत्तर लिहीत होते आणि तो दारात कधी येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

"त्याच्या तोंडून बोलू नकोस, रॉझ."

मी म्हटलं, तू स्वतःच्या तोंडून तरी कुठे बोलतोस. दहा महिने झाले, त्याचं नाव घेतलेलं ऐकलं नाही मी. तू त्याला पुरलंस आणि बोटीला पॉलिश करत बसलास. फार वाईट बोलले. दारातून वळता वळता तो म्हणाला, सप्टेंबरात वर जाशील तेव्हा मला सांग, मी येतो. मी म्हटलं, काही गरज नाही.

१८ मे, शनिवार

समुद्रापलीकडच्या बॅलरॅटहून कॅराव्हॅन घेऊन फिरायला आलेल्या एका नवराबायकोने गुरुवारी सातव्याच्या पानावर लिहिलेलं आज वाचलं. जसंच्या तसं उतरवते. उतरवल्याशिवाय खरं वाटत नाहीये.

'छान नवा डबा, दोन मिनिटांत सापडला. गंमत म्हणजे आमचे ग्रॅहम लघवीला म्हणून वर गेले, तर तिथे ओंडक्याखाली जुना डबाही मिळाला. पॉसमने कोपरा कुरतडलेला, आत पाणी, वहीचा लगदा. मालक नवा ठेवताना जुना उचलायला विसरला असेल, म्हणून आम्ही खाली आणून पार्किंगच्या कचराकुंडीत टाकला. रान स्वच्छ ठेवू या. आभार! बेव्ह आणि ग्रॅहम.'

तीन वेळा वाचलं. मग बेव्हला निरोप पाठवला, वहीत काही लिहिलेलं होतं का. दहा मिनिटांत उत्तर. बाई चांगली आहे. म्हणाली, पानं एकमेकांना चिकटली होती, शाई सगळी पसरलेली. पहिल्या पानावर वरचा एकच शब्द वाचता येत होता, 'आई'. कुण्या लहान मुलाने लिहिलं असेल असं त्यांना वाटलं. त्याखाली बरंच होतं म्हणे, पान भरून. काही महत्त्वाचं होतं का?

मी लिहिलं, नाही.

१९ मे, रविवार

काल पार्किंगची कुंडी बघायला गेलो तर रिकामी. गाडी शुक्रवारीच येऊन गेली होती. क्लेमला सगळं सांगावं लागलं. म्हणजे सगळं नाही. बेव्हने लिहिलेलंही त्याला दाखवलं नाही. जुना डबा बॅलरॅटच्या कुणा प्रवासी नवराबायकोने फेकला आणि त्यात 'आई' लिहिलेलं पान होतं, एवढंच. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

आज सकाळी आठला तो बूट घालून तयार. कचरा डेपोवर गेलो. तिथल्या माणसाला क्लेमने काय सांगितलं देव जाणे, पण त्याने शुक्रवारचा ढीग दाखवला, एक दाताळं दिलं आणि चारपर्यंत शोधा म्हणाला. माझा साठीचा नवरा गुडघाभर घाणीत उतरला. एकेक पिशवी फाडायचा, हाताने चाळायचा, बाजूला ठेवायचा. मी वरून बघत होते.

दुपारपर्यंत त्या नवराबायकोचा उद्धार चालला होता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा अधिकार यांना दिला कुणी? त्यांची परतीची फेरीबोट मंगळवारची असेल, डेव्हनपोर्टला जाऊन धक्क्यावर गाठतो आणि बघतो. चौतीस वर्षांत बोलला नसेल इतकं बोलला. आणि मला ते ऐकवेना.

मी म्हटलं, "क्लेम, त्यांना वाटलं नवा ठेवलाय म्हणून जुना टाकावा. नवा मी ठेवला होता."

तो थांबला. हातात कसली तरी पिशवी होती, तिच्यातून चहाचा चोथा गळत होता. "कधी?"

"एप्रिलात. पान बंद होऊ नये म्हणून."

तो एवढंच म्हणाला, "बरं." आणि पुढची पिशवी फाडली. चार वाजता त्या माणसाने हाक मारली तेव्हाच वर आला.

गाडीत बसलो. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर बघत बोलला.

"मी होतो त्याच्याबरोबर. त्या दिवशी होबार्टला गेलोच नाही आम्ही. तुझ्या साठीला तुला वर न्यायचं ठरवलं होतं त्याने. मला म्हणाला, बाबा, तिला सांगायचं नाही, तिचा तिला सापडू दे."

मी त्याच्याकडे वळले. विचारलं, काय लिहिलं त्याने?

"माहीत नाही. 'बाबा, तोंड तिकडे कर, हे आईसाठी आहे' म्हणाला. मी केलं. बराच वेळ लिहीत होता. मी आपला झाडं बघत उभा."

"मग मला सांगितलं का नाहीस? दहा महिने. मी त्या घळीत रांगत होते, क्लेम."

त्याने किल्लीवरचा हात काढला. मला वाटलं, झालं, परत "हं" म्हणेल. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर त्याच दिवशी जाऊन वाचून आली असतीस. मग संपलं असतं. तुला सापडत नव्हतं तोवर त्याचं तुला काहीतरी सांगायचं बाकी होतं."

आणि माझा नवरा रडला. त्याच्या हातांना कचऱ्याचा वास येत होता. ते हात मी धरून ठेवले. डेपोवाल्याने फाटक लावायचं म्हणून दोनदा हॉर्न दिला.

२५ मे, शनिवार

काल सातव्याच्या पानावर खरं ते लिहिलं, माझ्या नावाने. मालक जुलैत गेला, दुसरा डबा त्याच्या आईने ठेवला होता, चूक तिची. बेव्ह-ग्रॅहमना कुणी बोल लावू नये. मग पान बंद करायची विनंती केली. मर्नाने ते वाचून फोन केला.

आज दोघं वर गेलो. डॉक्टर काही म्हणोत. क्लेमने निम्म्या वाटेत माझ्या कंबरेला हात लावून ढकललं. माझा हिरवा डबा काढून त्याने खिशात टाकला, मग फोनच्या खुणेपासून मला वर घेऊन गेला. मी पावलं मोजली. एकोणीस.

तिथे घळ संपते. एक पडलेला ओंडका, त्याच्याखाली डब्याच्या आकाराची कोरडी जागा. मी विचारलं, तो कुठे बसला होता? क्लेमने दाखवलं. मी तिथे बसले. क्लेम त्या दिवशी जिथे उभा होता तिथे जाऊन, पाठ करून उभा राहिला. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

तिथून झाडांमधून थेट खाली आमचं घर दिसतं. शेड, सफरचंदांच्या ओळी, अंगणात मी बस लावायचे ती सिमेंटची जागा. ८ जुलैला शनिवार होता, कॅलेंडर बघून खात्री केली आहे. शनिवारी सकाळी मी बस धुवायचे, पाइप घेऊन, पिवळा रेनकोट घालून, रेडिओ मोठ्याने लावून. एक आठवडा चुकवला नाही कधी.

म्हणजे लिहिताना त्याला मी दिसत होते.